बाईनंतर बाई

आमच्या धंद्यात एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण रेडिओ स्टेशनात झाडू मारणाऱ्यालासुद्धा तो पाठ असतो. एका बाईच्या गाण्यानंतर लगेच दुसऱ्या बाईचं गाणं लावायचं नाही, मध्ये एक तरी पुरुष हवा. दोन बायका लागोपाठ आल्या की घरातल्या बायकाच कंटाळून दुसरं स्टेशन लावतात म्हणे. कुठल्या बायका, कोणी विचारलं त्यांना, हे मी जन्मभर विचारत आले. उत्तर देणारा प्रत्येक जण पुरुष होता, आणि प्रत्येकाने हेच सांगितलं की त्याची स्वतःची बायकोच असं करते.

मी नेल्डा फ्युगेट. ओडेसा टॅकेटच्या मागे उभी राहून बास वाजवते. माझं वाद्य माझ्यापेक्षा उंच आहे आणि आमच्या व्हॅनमध्ये त्याला माझ्यापेक्षा चांगली जागा मिळते. ओडेसा गाणी लिहिते आणि गाते, डेल्मर फिडल, म्हणजे आमच्याकडचं व्हायोलिन, वाजवतो आणि कुरकुरतो. असे आम्ही तिघं टेक्सासच्या नाचघरांपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत हिंडलोय. शाळांचे हॉल झाले, चर्चची तळघरं झाली, एकदा तर ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये गायलो. डोंगर सोडून ओहायोच्या कारखान्यांत गेलेली आमची माणसं तिची गाणी ऐकून रडतात आणि मग तिला घरी जेवायला नेतात. फक्त आमच्या स्वतःच्या डोंगरात, इथे केंटकीत, तिला कोणी ऐकलेलं नव्हतं. इथल्या दऱ्यांमध्ये एकच स्टेशन लागतं आणि त्या स्टेशनकडे एक ठरलेली बाई नेहमीच असायची. दर काही वर्षांनी ती बाई बदलायची. ओडेसा कधीच ती बाई झाली नाही.

बाकी जगाचं तिला काही वाटत नसे, पण तिच्या आईचं वाटे. एफीमावशी म्हणजे कडक बाई. खाणकामगाराची विधवा, जुन्या वळणाची बॅप्टिस्ट. तिच्या चर्चमध्ये वाद्याला हात लावत नाहीत, आणि मुलीने गिटार घेऊन घर सोडलं ते तिने कधी माफ केलं नाही. आम्ही भेटायला गेलो की दारातच परीक्षा सुरू व्हायची.

"रेडिओवर नाव घेतात का तुझं?"

"नाही, आई."

"मग बाहेर करतेस तरी काय?"

"गाते."

"गातात काय, सगळेच. मी पण गाते चर्चमध्ये. म्हणून मी घरदार टाकून व्हॅनमध्ये झोपायला जात नाही."

त्यामुळे आमच्या तालुक्याच्या जत्रेचं बोलावणं आलं तेव्हा ओडेसाने दिवसभर गिटार खाली ठेवली नाही. शनिवारची संध्याकाळ, आणि स्टेशन तो कार्यक्रम थेट मैदानातून सगळ्या दऱ्यांमध्ये ऐकवणार. एफीमावशी तेव्हा अंथरुणाला खिळली होती. तिला फोन केला तर म्हणाली, "बघू." पण शेजारणीने मागाहून आम्हाला सांगितलं, म्हातारीने स्वयंपाकघरातला रेडिओ उचलून पलंगाशेजारी ठेवायला लावला होता. ओडेसाने आईसाठी एक नवं गाणं लिहिलं होतं, आणि ते तिला रेडिओवरूनच ऐकवायचं असं तिने मनाशी ठरवलं होतं.

जत्रेत पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. एकीकडे गोधड्यांचं प्रदर्शन, दुसरीकडे डुकरांचा लिलाव, मधल्या मोकळ्या जागेत गवत वाहायच्या दोन सपाट गाड्या जोडून केलेलं स्टेज. स्टेजवर जुन्या पद्धतीने एकच माईक. वाजवणारे आळीपाळीने त्याच्याजवळ सरकतात आणि मागे होतात, आणि तोच माईक स्टेशनच्या गाडीतून रेडिओवर जातो. आम्ही झाडाखाली घेवड्याची उसळ आणि मक्याचा पाव खात बसलो होतो, तेवढ्यात बॉइड स्टँपर आला.

बॉइड म्हणजे स्टेशनचा मालक, मॅनेजर आणि निवेदक, सगळं एकाच घामेजलेल्या शर्टात. त्याने टोपी काढली. तो टोपी काढतो तेव्हा बातमी वाईट असते.

"मिस ओडेसा, जरा अडचण झालीय."

"बोल."

"रॅटलिफ बंधूंची बस घाटात तापून बंद पडलीय. ते काही वेळेत येत नाहीत."

"मग त्यांच्या वेळात मी दोन गाणी जास्त गाते. त्यात काय एवढं?"

"तसं नाही ना. ते मध्ये होते. तुमच्या आधी केलिन आहे. नॅशव्हिलहून आलेली, तिचं गाणं सध्या जोरात चाललंय." तो टोपी फिरवत राहिला. "तिच्यानंतर लगेच तुम्ही म्हणजे..."

"म्हणजे मध्ये पुरुष हवा," मी म्हटलं.

"मी असं कुठं म्हटलं, नेल्डा?"

"मग टोपी कशाला काढलीस?"

त्याने माझ्याकडे दुर्लक्ष केलं आणि आशेने डेल्मरकडे पाहिलं. डेल्मर पाव चावत होता.

"डेल्मर, तू एखादं गाणं..."

"मी गात नाही."

"अरे, एकच."

"लग्नाच्या दिवशीच माझ्या बायकोनं सांगितलं, चर्चमध्ये नुसते ओठ हलव. तेव्हापासून तेच करतोय."

तेवढ्यात डुकरांच्या गोठ्याकडून ऑर्व्हिल प्रॅटरचा आवाज आला. ऑर्व्हिल लिलाव पुकारतो. त्याची ती न थांबता, श्वास न घेता चालणारी बोली ऐकून बॉइडचा चेहरा असा उजळला की मला तिथेच कळलं आणि माझ्या हातातला चमचा खाली पडला.

"नाही," मी म्हटलं. "बॉइड, नाही हं."

"लोकांना आवडेल! गंमत म्हणून! दहा-पंधरा मिनिटं ऑर्व्हिल बोली पुकारेल, तेवढ्यात आमची वेळ संपते. साडेसातला प्रवचन लागतं, ते पुढे ढकलता येत नाही. मग मिस ओडेसा, तुम्ही निवांत गा, हवं तेवढं. इथल्या लोकांसाठी."

"म्हणजे रेडिओवर नाही," ओडेसा म्हणाली.

"या वर्षी नाही. पुढच्या वर्षी नक्की."

"माझी आई नव्वदीला टेकलीय, बॉइड. पुढचं वर्ष तिच्याकडे आहे का, ते तिला जाऊन विचार. मला सांगू नकोस."

"माझ्या हातात असतं तर... अहो, बायकांनाच नको असतात बायका. माझी बायकोच—"

"आली!" मी ओरडले. "बायको आली! डेल्मर, बघ, आली की नाही!"

बॉइड टोपी घालून निघून गेला. मी ओडेसाला म्हटलं, चल, व्हॅन काढते, आत्ताच्या आत्ता निघू, असल्या लोकांच्या तोंडाला लागायचंच नाही. तिने उसळ संपवली, हात पुसले आणि गिटार मांडीवर घेऊन तारा लावायला बसली.

"तुला जायचं तर जा, नेल. मी नाही येत."

"आणि करणार काय?"

"चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गावात गायले. माझ्या गावात डुकरांच्या मागे रांगेत उभी राहणार नाही."

ती पोरगी, केलिन, स्टेजच्या मागे सापडली. चकचकीत बूट, पापण्यांना काहीतरी चिकटवलेलं. मी तिच्याकडे जी नजर टाकली ती चांगली नव्हती, हे कबूल करते. पण ती सरळ ओडेसासमोर येऊन उभी राहिली.

"मिस ओडेसा? तुम्ही माझ्यावर रागावलात का?"

"का गं? तू काय केलंस?"

"मला आत्ताच कळलं, माझ्यामुळे तुम्हाला काढलं ते. मी दोन वर्षं फिरतेय. एवढे कार्यक्रम केले, पण स्टेजच्या मागे दुसरी गाणारी बाई मला कधी भेटलीच नाही. मला वाटायचं, आता कोणी उरलंच नसेल."

ओडेसाने गिटार खाली ठेवली. मलाही हे कधी सुचलं नव्हतं. आम्ही सगळ्या याच रस्त्यांवर होतो, पण त्यांनी आम्हाला एकमेकींच्या वाटेत येऊच दिलं नव्हतं.

"किती गाणी आहेत तुझी आज?" ओडेसाने विचारलं.

"दोन ठरलीत. पण आत्ता मिस्टर स्टँपर म्हणाले, ऑर्व्हिल यायला उशीर झाला तर आणखी दोन म्हण."

"म्हणणार आहेस?"

केलिन आपल्या बुटांकडे बघत राहिली. तिच्या रेकॉर्ड कंपनीने तिला बॉइडला नाराज करायला नक्कीच पाठवलं नव्हतं, आणि पोरगी बावीस वर्षांची होती. मी तिच्याकडून काही आशा ठेवली नाही.

ती चांगली गायली, हे सांगितलंच पाहिजे. पहिलं गाणं उथळ होतं, दुसरं खरं होतं. दुसरं संपलं तसं तिने गिटार गळ्यातून काढली. स्टेजच्या खालून बॉइड दोन बोटं दाखवत होता, आणखी दोन, आणखी दोन. केलिन माईकमध्ये म्हणाली, "माझी दोन ठरली होती, दोन झाली," आणि खाली उतरली.

ती एका बाजूने उतरली आणि दुसऱ्या बाजूने ओडेसा चढली. मी आणि डेल्मर मागोमाग. बास घेऊन त्या गाडीवर चढताना माझा गुडघा फुटला, पण तेव्हा मला ते कळलंही नाही.

बॉइड धावत वर आला, ओडेसाला खांद्याने बाजूला सारल्यासारखं करून माईकमध्ये हसत म्हणाला, "आणि आता मंडळी, एक गंमत! आपल्या सगळ्यांचा लाडका ऑर्व्हिल प्रॅटर! ये ऑर्व्हिल, ये!"

ऑर्व्हिल गर्दीच्या पुढेच उभा होता, हातात काठी घेऊन. तो ओडेसाबरोबर शाळेत होता. त्याने वर ओडेसाकडे पाहिलं, मग बॉइडकडे.

"मी डुकरं विकतो, बॉइड," तो म्हणाला. "वर डुक्कर दिसत नाही मला."

लोक हसले. बॉइडही हसला, कारण दुसरं काय करणार, आणि तेवढ्यात ओडेसा त्याच्या पुढे सरकली, माईकवर पंजा ठेवला आणि तशीच उभी राहिली. गायली नाही.

"गा ना मग!" बॉइड दात ओठ खात कुजबुजला. "आता आलाच आहात तर म्हणा काहीतरी!"

"माझं नाव घे."

"काय?"

"आमच्यात नाव पुकारल्याशिवाय कोणी गात नाही. तुला ठाऊक आहे. नाव घे, मग गाते."

"मी एका बाईनंतर दुसऱ्या बाईचं नाव माझ्या स्टेशनवर—"

"मग उभी आहे मी."

आणि ती उभी राहिली. ज्याने रेडिओत काम केलंय त्याला विचारा, सगळ्यात मोठं पाप कोणतं. स्टेशनवर शांतता. चुकीचं गाणं चालतं, शिंक चालते, कुत्रं भुंकलेलं चालतं. पण काहीच नाही म्हणजे लोकांना वाटतं स्टेशन मेलं. बॉइडने स्टेशनच्या गाडीकडे हात केला, बंद करा, दुसरं काहीतरी लावा. गाडीतल्या तंत्रज्ञाने दोन्ही हात पसरले. लावणार कुठून? गावातल्या स्टेशनला कुलूप होतं, सगळे जत्रेला आले होते.

सगळ्या दऱ्यांमध्ये त्या वेळी रेडिओ मुका झाला होता. मैदानही गप्प झालं. आकाशपाळण्याचा करकर आवाज तेवढा येत होता. मला ओडेसाची पाठ दिसत होती. बासष्ट वर्षांची बाई, मानेवर घाम, पण हात हलला नाही. मला तिचा फार अभिमान वाटत होता. आणि भीतीही वाटत होती, कारण ही शांतता म्हातारीच्या उशाशी वाजत होती. तिने रेडिओ बिघडला म्हणून बंद केला तर सगळंच मुसळ केरात.

"नाव घे की रे, बॉइड!" गर्दीतून कोणी बाई ओरडली. मग आणखी एक. मग गोधड्यांच्या तंबूतून बायका बाहेर यायला लागल्या. त्यांच्यात एक लाल झगा घातलेली जाडजूड बाई होती, ती सगळ्यात पुढे आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बॉइड स्टँपर, त्या बाईचं नाव घे, नाहीतर रात्री घरी येऊ नकोस."

ती त्याची बायको. हो, तीच, जी म्हणे स्टेशन बदलते.

बॉइड माईकशी वाकला. ओडेसाने पंजा काढला. तो घशातल्या घशात म्हणाला, "ओडेसा टॅकेट."

"गावही," ओडेसा म्हणाली.

"आपल्याच लिक फोर्कची. ओडेसा टॅकेट."

ओडेसा माईकजवळ आली. "आत्ता एक बाई गाऊन गेली," ती म्हणाली. "आता दुसरी गाते. ज्यांना स्टेशन बदलायचंय त्यांनी बदला. मी जरा थांबते."

ती खरंच थांबली, त्या बॉइडच्या नाकावर टिच्चून. मग तिने सुरुवात केली, तीन मात्रांच्या ठेक्यातलं संथ गाणं, डेल्मरची फिडल खालून उचलत आली.

तारेवर वाळत घातला पांढरा सदरा आईनं,
दुपारपर्यंत काळा केला कंपनीच्या खाणीनं.
तारेपाशी उभी राहून आई माझी रडली,
बादली पुन्हा भरली आणि चूल पुन्हा पेटवली.

त्या मैदानातल्या कोणाचंच घर अशा तारेविना नव्हतं. कोळशाची भुकटी कपड्यांवर बसताना सगळ्यांनीच पाहिलेली. गाणं संपलं तरी लोक टाळ्या वाजवायचे विसरले, आणि मग इतक्या वाजवल्या की ओडेसाने केलिनला हाक मारून परत वर घेतलं. प्रवचनाची वेळ होईपर्यंत दोघी गात होत्या. मध्ये पुरुष नव्हता, डेल्मर सोडला तर, आणि तो नुसते ओठ हलवत होता.

खाली उतरल्यावर बॉइड म्हणाला, "माझ्या स्टेशनवर तुमचं हे शेवटचं."

"पहिलंही हेच होतं," ओडेसा म्हणाली.

अजून उजेड होता. आम्ही केलिनचा निरोप घेतला आणि वाद्यं व्हॅनमध्ये टाकून तडक लिक फोर्कला निघालो. दार शेजारणीने उघडलं आणि ती घरी गेली. म्हातारी पलंगावर उशांना टेकून बसली होती, रेडिओ बंद होता.

ओडेसा दारातच थांबली.

"मध्ये तो डबा मुका झाला," एफीमावशी म्हणाली. "दोन थपडा मारल्या त्याला."

"बंद केलास?"

"कशाला बंद करू? थपडा मारल्यावर बोलला. नाव घेतलं त्यानं तुझं. नीट नाही घेतलं. तोंडात घास असल्यासारखं घेतलं. पण घेतलं."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं, कारण माझे डोळे भरले होते आणि डेल्मरला ते दाखवायचे नव्हते. चाळीस वर्षं ज्या एका वाक्यासाठी ओडेसा झुरली, ते असं, रेडिओला मारलेल्या थपडांच्या हिशेबात येऊन गेलं.

"आणि गाणं?" ओडेसाने विचारलं.

"गाणं खोटं आहे."

"काय?"

"मी रडले नव्हते."

ओडेसा पलंगाच्या कडेवर बसली. "अगं आई, आमच्या गाण्यांत आया रडतातच. ती ओळ तशीच असते. मी आजवर लिहिलेल्या प्रत्येक गाण्यातली आई रडलीय."

"बाकीच्यांच्या रडत असतील. मी तारेपाशी उभी राहून शिव्या दिल्या. कंपनीला दिल्या, मॅनेजरला दिल्या, त्याच्या आईला पण दिल्या."

"तू? शिव्या?"

"कोणी ऐकत नव्हतं ना. चर्चमधलं कोणी."

"कोणती शिवी दिलीस?"

म्हातारीने सांगितली. मी नाचघरांत, दारूच्या अड्ड्यांत, ट्रकवाल्यांच्या ढाब्यांवर आयुष्य काढलंय, पण डेल्मरसमोर मी लाजले. इथे ती लिहिली तर हे कोणी छापणार नाही. ओडेसा हसायला लागली, आणि हसता हसताच तिने मला व्हॅनमधून गिटार आणायला पिटाळलं.

तिने तीच ओळ पुन्हा धरली. रडण्याच्या जागी शिवी घातली. ती तालात अशी चपखल बसली की जणू जागा तिच्यासाठीच रिकामी ठेवली होती.

"आता बरोबर आहे," एफीमावशी म्हणाली. "असंच म्हण."

"आई, असं म्हटलं तर हे गाणं रेडिओवर कधीच लागणार नाही. बॉइडकडेच नाही, कुठेच नाही. असला शब्द कोणी लावत नाही."

म्हातारीने मान वळवून त्या रेडिओकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता म्हणेल, मग राहू दे रडणं.

"नाही लावत तर नाही लावत," ती म्हणाली. "पहिल्यापासून म्हण."

ओडेसाने पहिल्यापासून सुरुवात केली. एफीमावशीने डोळे मिटले होते, ओठ हलत होते. तारेची ओळ आली तेव्हा तिने तोंड उघडलं, आणि चर्चमध्ये भजन म्हणतात तशा उंच, ताठ आवाजात मुलीबरोबर ती शिवी म्हटली.